खुर्चीखालचा उमेदवार

फर्स्ट सार्जंट माएस्तास बाईंनी रजेचा अर्ज वाचला, त्यावर स्वतःचा कॉफीचा मग ठेवला आणि विचारलं, "क्रचफील्ड, तुझ्या यार्डातून बोर्डाला शेवटचा माणूस कधी गेला होता?"

सार्जंट लेलंड क्रचफील्डने छताकडे पाहिलं. कंपनीच्या गाड्यांचं यार्ड त्याच्याकडे होतं. चौदा ट्रक आणि चार मेकॅनिक. त्यातला एकही गेल्या अकरा महिन्यांत बोर्डाच्या वाऱ्यालाही उभा राहिला नव्हता, आणि हे बाईंना पुरतं ठाऊक होतं.

"गुरुवारी बोर्ड आहे. एक माणूस दे, मी सही करते. आणि नुसतं बुजगावणं उभं करू नकोस. साठच्या खाली गुण पडले तर पाठवलाच नाही असं धरेन."

आता ही रजा काही मासे मारायला जाण्यासाठी नव्हती. क्रचफील्डची मुलगी जोसी शनिवारी सकाळी टेनेसीत शाळा संपल्याचा दाखला घ्यायला मंचावर जाणार होती. तिचा पाचवीतला नाच, आठवीतलं नाटक, सोळावा वाढदिवस, या सगळ्या वेळी बाप कुठल्यातरी वाळवंटात ट्रकखाली झोपलेला होता. या खेपेला त्याने शब्द दिला होता, आणि पोरीने "हो, बघू" असं म्हटलं होतं. ते "बघू" त्याला फार लागलं होतं. कॅन्ससच्या आमच्या छावणीपासून तिचं गाव गाडीने बारा तास. शुक्रवारी सकाळी निघालंच पाहिजे.

बोर्ड म्हणजे काय प्रकार, तर त्या महिन्याचा उत्तम सैनिक निवडायचा. त्यासाठी कडक इस्त्रीचा गणवेश चढवून दार ठोकायचं, सलाम करायचा आणि टेबलापलीकडच्या पाच बुजुर्गांसमोर, हात गुडघ्यांवर ठेवून, एका खुर्चीत खांबासारखं बसायचं. मग ते झेंड्याची घडी कशी घालायची इथपासून साप चावला तर काय करायचं इथपर्यंत काहीही विचारणार. उत्तर येत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायची सोय नाही. 'सार्जंट मेजर, या क्षणी मला उत्तर आठवत नाही' असं म्हणायचं. जणू काल रात्रीपर्यंत तोंडपाठ होतं.

क्रचफील्डने चौघांना ट्रकसमोर उभं केलं आणि फौजेचा मान, यार्डाची अब्रू वगैरे बरंच काही बोलला. ऐकता ऐकता तिघांचे दात दुखायला लागले. गुरुवारी डेंटिस्टची वेळ घेतली आहे म्हणाले तिघंही. डेंटिस्टची वेळ म्हटली की आमच्याकडे जनरलसुद्धा अडवू शकत नाही. क्रचफील्ड म्हणाला की या यार्डाइतके किडके दात अख्ख्या फौजेत सापडायचे नाहीत, आणि चौथ्याकडे वळला.

चौथा म्हणजे स्पेशालिस्ट ओरेन टिबेट्स. स्पेशालिस्ट ही आमच्याकडची सगळ्यात सुखाची पायरी. नव्या शिपायाची झाडू मारायची कटकट संपलेली आणि सार्जंटची डोकेदुखी सुरू न झालेली. टिबेट्सला याच पायरीवर म्हातारं व्हायचं होतं. मेन नावाच्या राज्यातला हा पोरगा इंजिनाला कान लावून आजार सांगायचा, पण माणूस समोर आला की दिवसाला सहा शब्दांच्या वर जायचा नाही. त्यानेही नुसती नकाराची मान हलवली.

"तुला का नाही जायचं?" क्रचफील्डने विचारलं. "जिंकलास तर चार दिवसांची सुट्टी मिळते."

"जिंकलं की वरच्या बोर्डाला पाठवतात," टिबेट्स म्हणाला. "तिथं जिंकलं की त्याच्या वरच्या. हरेपर्यंत सुटका नाही, सार्जंट. मग आत्ताच हरलेलं काय वाईट?"

हे गणित क्रचफील्डलाही पटलं. शेवटी त्याने पोराला जोसीचं सगळं खरं सांगून टाकलं. टिबेट्सने हातातला पाना दोनदा फिरवला आणि म्हणाला, "दुसरा नंबर चालेल?" तिघं उमेदवार होते. दुसरा आला की नापास नाही आणि जिंकलाही नाही. क्रचफील्डने त्याला जवळजवळ मिठीच मारली.

अभ्यास सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावायची वेळ आली. समोर बसवून विचारलं की टिबेट्सच्या तोंडून फक्त "या क्षणी मला उत्तर आठवत नाही" एवढंच निघे. मात्र तोच पोरगा ट्रकखाली सरकला, हातात पाना आला, की वरून विचाराल त्याचं उत्तर खालून धडाधड. मग रोज क्रचफील्ड बंपरवर बसून पुस्तक वाचत होता आणि खालून दोन बूट त्याला उत्तरं देत होते. बुधवारी तर बूट एकही चुकले नाहीत.

"उद्या पाना नसेल हातात," क्रचफील्ड म्हणाला.

"बघू," बूट म्हणाले. क्रचफील्डला त्या शब्दाची आता धास्तीच बसली होती.

गुरुवारी दोघं कडक गणवेशात बोर्डाच्या दाराबाहेर पोचले, तर बाकीच्या दोन खुर्च्या रिकाम्या. कारकुनाने यादीवरून मान वर न करता सांगितलं की एका उमेदवाराचा घोटा मुरगळलाय आणि दुसरा डेंटिस्टकडे गेलाय. म्हणजे उमेदवार एकटाच टिबेट्स. साठ गुण पडले की तोच विजेता. "आणि विजेता उद्या सकाळी नऊ वाजता ब्रिगेडच्या, म्हणजे वरच्या बोर्डापुढे; ते पार रात्रीपर्यंत चालतं. त्याच्या सार्जंटने सोबत हजर राहिलं पाहिजे, हं. नियम आहे."

क्रचफील्डने मनात हिशोब मांडला. नापास झाला तर बाई सही करणार नाहीत. पास झाला तर उद्या नऊ वाजता इथेच. कुठूनही गेलं तरी टेनेसी बंद.

टिबेट्सने हळूच विचारलं, "सार्जंट, मग पास होऊ की नापास?"

नऊ वर्षांच्या नोकरीत क्रचफील्डने पोरांना बरंच खरंखोटं करायला लावलं होतं, पण मुद्दाम पड असं कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला जोसीचा चेहरा दिसला. मग त्याने टिबेट्सचा टाय सरळ केला.

"जेवढं येतं तेवढं सगळं सांग," तो म्हणाला. "ठोक दार."

आत मधोमध सार्जंट मेजर व्हिटकोम्ब बसले होते. त्यांच्या भुवया हलल्या की अख्खी बटालियन हलायची. बाजूला माएस्तास बाई. क्रचफील्ड मागच्या भिंतीला लागून बसला. टिबेट्सने सलाम ठोकला, खुर्चीवर बसला, आणि खुर्ची कुंईऽऽ करून ओरडली.

पहिला प्रश्न. "सार्जंट मेजर, या क्षणी मला उत्तर आठवत नाही." कुंईऽऽ. दुसरा प्रश्न, तेच उत्तर आणि तीच कुंईऽऽ. तिसऱ्याला बाईंनी कागदावर काहीतरी खोडलं. क्रचफील्डने डोळे मिटून घेतले.

"सार्जंट मेजर," टिबेट्सचा आवाज आला, "खुर्ची आवळायची परवानगी मिळावी."

अशी परवानगी आजवर कुणी मागितली नव्हती, त्यामुळे ती नाकारायची कशी हेही कुणाला माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या कुंईकुंईने सार्जंट मेजरांचं डोकं तीन वर्षं उठवलं होतं. त्यांची डावी भुवई वर गेली. "आवळ."

टिबेट्सने खिशातून दहा सेंटचं नाणं काढलं आणि कडक गणवेशासकट खुर्चीखाली सरकला. आता टेबलापलीकडच्यांना फक्त चकचकीत बूट दिसत होते. एका फर्स्ट सार्जंटने वेळ जाऊ नये म्हणून विचारलं, "उष्माघाताची लक्षणं?"

बुटांनी लक्षणं सांगितली. उपचारही सांगितले. मग मात्र टेबलावर चढाओढच लागली. झेंड्याच्या घड्या, नकाशावरचे रंग, रायफलचा पल्ला, साप. खुर्चीचा एकेक स्क्रू बसत होता आणि खालून एकेक उत्तर येत होतं. सार्जंट मेजर तर अर्धे टेबलावर ओणवे झाले होते. क्रचफील्ड मनात मोजत होता. पन्नास. पंचावन्न. साठ कधी ओलांडले ते त्याला कळलं, आणि अभिमानाने छाती भरून आली की रडू आलं हे त्याचं त्यालाच कळेना.

टिबेट्स बाहेर आला, बसला. खुर्ची मुकी झाली होती.

"शेवटचा प्रश्न," सार्जंट मेजर म्हणाले. "इतकं येत होतं तर अकरा महिने लपून का बसला होतास? आत्ता कशाला आलास?"

टिबेट्सने नाणं मुठीत घट्ट धरलं. "माझ्या सार्जंटला रजा मिळावी म्हणून. परवा टेनेसीत त्यांची मुलगी शाळा संपवून मंचावर जाणार आहे. मी नापास झालो तर रजा नाही. पास झालो तर उद्या त्यांना माझ्याबरोबर ब्रिगेडला यावं लागणार. यातून वाट काय, ते या क्षणी मला आठवत नाही, सार्जंट मेजर."

हे त्याचं गेल्या दोन वर्षांतलं सगळ्यात लांब बोलणं. सार्जंट मेजरांच्या भुवया हळूहळू माएस्तास बाईंकडे वळल्या.

"फर्स्ट सार्जंट, तुम्ही उद्या नऊ वाजता काय करताय?"

"उद्या?" बाई म्हणाल्या. "उद्या माझी डेंटिस्टची—"

"दात सोमवारी दुखू दे. पोराबरोबर तुम्ही जाल. आणि त्या अर्जावरचा तुमचा तो नेहमीचा मग उचला."

क्रचफील्ड शुक्रवारी उजाडताच निघाला. शनिवारी भर उन्हात शाळेच्या मैदानावर जोसीचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा तो इतक्या मोठ्याने ओरडला की पुढच्या रांगेतल्या आजीबाईंची टोपी पडली. जोसी मंचावरून उतरली ती थेट त्याच्याकडे आली. "आलात की खरंच," असं म्हणून तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. माएस्तास बाईंचा निरोप होता. 'समारंभ होईपर्यंत मुद्दाम कळवलं नाही. टिबेट्स ब्रिगेडला जिंकला. तिथलीही खुर्ची दुरुस्त केली. सार्जंट मेजर म्हणतात, ज्याने असा पोरगा तयार केला तो स्वतः कसा लपून राहिला? पुढच्या महिन्यात सार्जंटांचं बोर्ड आहे, त्यात तुझं नाव घातलंय. अभ्यास टिबेट्स घेणार. रोज ट्रकखाली, संध्याकाळी पाच वाजता.'

क्रचफील्डने निरोप दोनदा वाचला. त्याचा हात आपोआप गालाकडे गेला.

"काय झालं, बाबा?" जोसीने विचारलं.

"काही नाही गं," तो म्हणाला. "दाढ जरा ठणकायला लागलीय. पुढच्या महिन्यात दाखवून घ्यावी म्हणतो."