समुद्राला जाणारी बस

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं. समुद्र तेवढा नव्हता. आणि तिथल्या मथुरामावशी कासविणीला नेमका तोच हवा होता.

तिची आजी सांगायची, "आपले भाऊबंद समुद्रात असतात हो. मोठे ऐसपैस स्वभावाचे." आजी गेली, आई गेली, समुद्र काही कुणाला दिसला नाही. मग एकदा जंगलातून पोर्तुगाल नावाच्या देशाच्या किनाऱ्यावर सहल निघाली. मावशी घरातून सगळ्यांच्या आधी निघाली आणि सगळ्यांच्या शेवटी तिनं नाव दिलं.

सहलीचे मॅनेजर बगळेसाहेब. पांढरेशुभ्र कपडे, एका पायावर उभं राहायची सवय, चोचीत शिट्टी. मावशीच्या शेजारची कुंदा मुंगूसही नटूनथटून निघाली. विमानतळावर मावशीची पाठ सामानात धरावी की कपड्यांत, यावर बराच वाद झाला. शेवटी कपड्यांत धरली.

हॉटेल अगदी समुद्राला लागून होतं. पण समुद्र होता पुढच्या दारी, आणि बस पहाटे सुटायची मागच्या दारातून.

"साहेब, समुद्र कधी?" मावशीनं विचारलं.

"मावशी, समुद्र काय पळून जातोय?" बगळेसाहेबांनी पाय बदलला. "आसपासचं आधी बघून घ्या!"

मग काय! डोंगरावरचा किल्ला झाला. निळ्या फरशांचा राजवाडा झाला. बाटलीची बुचं ज्याच्या सालीतून निघतात, ते झाड झालं. तारली मासे भाजतात ते गाव झालं.

बसला होत्या उंच, रबर ठोकलेल्या पायऱ्या. मावशी पहिली पायरी उतरायची, तोवर बाकीचे किल्ल्यावर. दुसरी उतरायची, तोवर बाकीचे फोटो काढून परत. फुर्रर्र! शिट्टी. की मावशी पुन्हा वर.

"कसा वाटला राजवाडा?" कुंदानं विचारलं.

"रबरी होता गं," मावशी म्हणाली. "कडेला खिळे."

"मावशी, काहीसुद्धा सोडायचं नाही हं," कुंदा धापा टाकत म्हणाली. "एक जरी ठिकाण राहिलं, तर जंगलात तोंड कसं दाखवायचं?"

एके दिवशी होतं जमिनीचं टोक. जमीन जिथं संपते ते बघायला जायचं होतं. मावशी मागच्या दाराशी पोचली, तर बस गेलेली. धूर तेवढा उरलेला.

मावशीला रडू आलं. पण कासवाचं रडूही सावकाश येतं. डोळ्यांपर्यंत पोचायच्या आत तिच्या कानावर आवाज पडला. धप्प, सर्रर्र. धप्प, सर्रर्र.

मावशी वळली. हॉटेलची लांबलचक पडवी ओलांडली. पोहायचा तलाव आला, तोही ओलांडला. छत्र्यांच्या सावल्यांतून वाळूवर उतरली, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

वाळूत एक कुरवबाई, म्हणजे तिकडची समुद्रपाखरीण, काहीतरी मटकावत बसली होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "बटाटा?"

"अगं बाई!" मावशी हरखली. "तू आपल्याकडची?"

नव्हती. पण मावशीनं आठवतील ते शब्द टाकून पाहिले. 'अननस' चालला. 'पाव' जरा नाकात म्हटला की चालला. एवढ्या भांडवलावर दोघींच्या माहेरच्या गप्पा झाल्या. बटाटा खाऊन झाला. मग कुरवबाईनं पंखानं समोर दाखवलं.

मावशीनं बघितलं. आजीनं सांगितलं होतं त्याहून मोठा होता. त्याला पायऱ्याच नव्हत्या.

ती पाण्यात एक पाय टाकते न टाकते तोच लाट आली आणि तिला उताणी करून गेली. कासव उताणं झालं की संपलं, हे मावशीला ठाऊक होतं. तिनं डोळे मिटून आजीचं नाव घेतलं. तेवढ्यात दुसरी लाट आली आणि तिला सरळ करून गेली! मावशी हसली. पुन्हा उताणी, पुन्हा सरळ. अंड्यातून बाहेर आल्यापासून ती एवढी हसली नव्हती. कुरवबाई तर हसून हसून वाळूत लोळली.

संध्याकाळी मंडळी पाय ओढत परतली.

"जमीन संपली का?" मावशीनं विचारलं.

"संपली," कुंदा म्हणाली. "पण गर्दीत दिसली नाही. आणि तुम्ही हो?"

"मी समुद्र पाहिला."

मग एकच कल्ला उठला. "समुद्र? आम्हाला का नाही दाखवला? आम्ही काय बिनकामाचे आलोय?"

बगळेसाहेबांनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाले, "उद्या खास समुद्रदर्शन! पहाटे बस. खिडकीसाठी भांडू नका."

दुसऱ्या दिवशी पहाटे बस निघाली. मावशी तिच्यात चढली नाही. ती आपली पायीच निघाली. बस डोंगर चढली, घाट उतरली, तीन गावांना वळसे घालून वाळूपाशी येऊन थांबली.

"अहाहा!" कुंदा ओरडली. "आणि ते मागचं हॉटेल बघा! नशीब लागतं अशा हॉटेलात उतरायला. नाहीतर आपलं!"

तेवढ्यात लाटेनं एक कासव तिच्या पायाशी आणून टाकलं. अंगभर शेवाळ, डोक्यावर फेस, आणि खदाखदा हसणारं.

"साहेब, हे काय?"

बगळेसाहेबांनी ओळखलं. एक डोळा बारीक केला. "हे इथलं कासव. दुर्मीळ आहे. हात लावू नका."

"अगं कुंदे, मी..." मावशी म्हणू लागली, पण दुसऱ्या लाटेनं तोंड भरलं. कुंदानं फोटो काढला. सगळ्यांनी काढला. फुर्रर्र! शिट्टी झाली आणि बस आल्या वाटेनं परत गेली.

परतीच्या विमानात कुंदानं मावशीच्या गुडघ्यावर थोपटलं.

"तुम्ही समुद्राच्या सहलीला यायला हवं होतं, मावशी. तिथं एक कासव होतं, इतकं सुखी! तुमच्यासारखंच, पण सुखी."

मावशीनं फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला.

"खरंच गं," ती म्हणाली. "कुणाचं असेल?"

तात्पर्य: समुद्र दारात असला तरी तो बसनेच पाहावा. पायी जाणारा प्रवासी राहत नाही, प्रेक्षणीय स्थळ होतो.