प्रताप नगरच्या काळ्या मोटारीत फ्यूजांचा संहार जाहला त्याची हकीकत

शके एकोणीसशे पाच, रुधिरोद्गारी नाम संवत्सर, चैत्र मास, शहर नागपूर. ते समयी प्रताप नगर येथील विवेक मंडळाचे अध्यक्ष, अंधश्रद्धेचे काळ, राजश्री वामनराव यांचे काळ्या मोटारीत ॲम्प्लिफायर नामे गर्जणारे यंत्र होते, ते फ्यूजामागून फ्यूज गिळू लागले आणि मोठा कहर गुदरला. तो कहर कैसा उद्भवला, कोणी कोणते मोर्चे बांधिले आणि कोणाचे नाक कशाने राहिले, हे जैसे घडले तैसे लिहिले असे. थोरांचे घरची गोष्ट झाकावी ऐसा रिवाज आहे खरा. परंतु त्या रिवाजानेच थोर इतके माजले, सबब येथे काही झाकिले नाही.

वामनराव सरकारी कचेरीत मोठे कारकून, आणि कचेरीबाहेर त्याहून मोठे. कोणाचे दारावर लिंबू-मिरची टांगलेली दिसली की स्वारी सायकलीवरून उतरे, घरधन्यास रस्त्यावर बोलावी आणि चार माणसे जमेपर्यंत थांबून मग व्याख्यान देई. मंडळाचे चिटणीस मनोहरराव यांनी नवे घर बांधिले आणि चौकटीस लिंबू बांधिले, तेव्हा वामनराव वास्तूचे जेवणास गेले आणि जेवले आणि हात धुतले, आणि मग सर्व पाहुण्यांदेखत ते लिंबू तोडविले. तो सल मनोहररावांचे काळजात राहिला. खुद्द वामनरावांचा कबिला शोभाताई, त्यांनी लेक उत्तरा तान्ही असता पाळण्यास एक लिंबू बांधिले होते, ते वामनरावांनी नालीत फेकिले, आणि ती गोष्ट 'माझ्या घरचे उदाहरण' म्हणोन दरेक भाषणात सांगू लागले, आणि लोक हसत, आणि शोभाताई पहिल्या रांगेत बसोन ऐकत.

ऐशियात वामनरावांनी जुनी काळी मोटार खरीदली. मोटार दारी येताच आळी लोटली. समोरच्या तुळसाबाई मोटारीकडे टक लावोन पाहात राहिल्या आणि बोलिल्या की गाडी मोठी देखणी आहे. इतुकेच बोलिल्या.  परंतु ते ऐकोन वामनरावांस त्या दिवशी जेवण गेले नाही. बुद्धीस पुष्कळ समजावून पाहिले, बुद्धी समजली, पोट समजेना.

मग शनिवार आला आणि स्वारी गुप्तपणे निघाली. प्रताप नगरात प्रत्येक दुकानदार ओळखीचा, सबब थेट सीताबर्डी गाठली, आणि तेथील गर्दीत तोंडाला रुमाल लावोन एक लिंबू आणि सात मिरच्या ऐसा सरंजाम घेतला, आणि पेपरात गुंडाळोन आणिला. मोटारीचे पुढे टांगावे तर जग पाहील. सबब डॅशबोर्डाखाली अंधारात, जेथे कोणाची नजर न जाय, तेथल्या लोखंडी पट्टीस तो बांधिला. दोऱ्याने बांधावा तर दोरा तुटेल आणि अपशकुन होईल, म्हणोन तारेने बांधिला. अपशकुन मानीत नसणाऱ्या पुरुषाने ही खबरदारी घेतली, हे ध्यानी ठेवावे.

त्याच अंधारात, त्या लिंबाचे शेजारी, ॲम्प्लिफायरचा मुक्काम होता. मंडळाने चैत्रातल्या रविवारी विवेक फेरी काढावी, काळी मोटार अग्रभागी असावी आणि कॅसेटीत भरलेले वामनरावांचे भाषण भोंग्यातून शहरास ऐकवावे, ऐसा मनसुबा ठरला होता, त्यास्तव ते यंत्र बसविले होते. बॅटरीहून निघालेली तार फ्यूजातून होवोन यंत्राचे पाठीवरील उघड्या स्क्रूस भिडत असे, आणि बॅटरीचे दुसरे टोक मोटारीचे लोखंडी अंगास जोडिले होते. फ्यूज म्हणजे काचेच्या नळीतला शिपाई. विजेचा लोंढा बेसुमार आला की तो आपण जळतो आणि यंत्र वाचवितो. गरीब जात, बोलत नाही, मरते.

रंगीत तालमीस मोटार निघाली. सरळ रस्त्यावर वामनरावांचा आवाज भोंग्यातून ऐसा गर्जला की कुत्री पळाली. परंतु पहिले वळण येताच फट ऐसा नाद होवोन फ्यूज धारातीर्थी पडला आणि आवाज बंद. नवा फ्यूज लाविला, तो पुढील वळणी पडला. मग आणिक एक, तोही गेला. मनोहरराव मागील आसनावर होते. ते खिडकीबाहेर पाहोन मिशीत हसले. रविवारी फेरीअंती मंडळाचा नवा अध्यक्ष निवडणे होते, आणि मनोहरराव ठायी ठायी सांगत सुटले होते की ज्याचा भोंगा बंद, त्याचा अंमल बंद. वामनरावांस दुसरे राज्य नव्हते. घरी मान नव्हता आणि कचेरीत साहेब होता. होते ते हेच अध्यक्षपद. ते गेले म्हणजे रस्त्यावर माणसे थांबवून ऐकणार कोण?

तेव्हा रामदासपेठेतील नामांकित मिस्त्री कवडू यास पाचारण जाहले. कवडू येणार ऐसी वर्दी येताच वामनरावांनी घाईने लिंबू काढोन कोटाचे खिशात दडविले, कारण मिस्त्रीने पाहिले तर दुपारपर्यंत सर्व नागपुरास कळेल. कवडूने तारा तपासिल्या, बॅटरी मोजिली आणि मोटार सर्व वळणांनी फिरवून आणिली. यंत्र अखंड गात राहिले. कवडूने रोगाची खूण सापडेना म्हणोन मान हालविली आणि गेला. तो गेला, आणि वामनरावांनी लिंबू पुनः टांगिले, आणि सायंकाळी मोटार निघाली, आणि वळणावर फट.

ऐसे वारंवार घडले. मिस्त्री आला की रोग पळे, मिस्त्री गेला की रोग परते. शहाणा असता तर त्याने खिशात हात घालोन विचार केला असता. परंतु वामनरावांनी निराळाच निष्कर्ष काढिला की तुळसाबाईंची नजर भारी आहे आणि लिंबू लहान पडत आहे. सबब मोठे लिंबू आणिले, आणि त्याचे वजनास पुरेल ऐसी जाड तार, आणि तारेचे शेपूट लांब सोडिले. मग तर एकही वळण सुखरूप जाईना.

फ्यूजांची रसद संपू आली, तेव्हा वामनरावांनी निर्वाणीची तजवीज केली. सिगारेटीच्या पाकिटातील चांदी फ्यूजास गुंडाळिली, जेणेकरून शिपायास मरताच येऊ नये. शिपाई मेला नाही. त्याऐवजी तारा मेल्या. डॅशबोर्डातून धूर निघाला आणि भाजल्या मिरचीचा ठसका सर्व आळीत पसरला, आणि तुळसाबाई दारात येवोन खोकू लागल्या, आणि खुद्द स्वारी मोटारीतून उडी टाकोन पळाली, आणि पळताना जळके लिंबू मात्र खिशात घालण्यास चुकली नाही. कवडू पुनः आला, जळक्या तारा उपटोन नव्या घातल्या, चांदी काढोन नालीत फेकिली, हात पुसले आणि बोलिला,

"साहेब, मिस्त्रीच्या हातचं होतं ते सारं करून पाह्यलं. आता एक लिंबू-मिरची बांधून पाहा ना गा."

जमलेल्या लोकांत खसखस पिकली. वामनराव लाल जाहले. त्यांनी तेथेच फर्मान काढिले की मंडळाचे मोटारीजवळ ऐसी भाषा बोलणारास पुनः उभे करू नये.  आणि हे फर्मान देतेवेळी वामनरावांचा डावा हात कोटाचे खिशावर होता, हे एका जणीने पाहिले. शोभाताईंनी तोच कोट धुवावयास नेला, खिसा उलटा केला, आणि त्यातून मिरचीचे देठ पडिले, आणि लिंबाचा डाग निघाला. त्यांनी देठ चुलीत टाकिले. बोलिल्या काहीच नाही. पंधरा वर्षे न बोलण्याचा सराव होता.

रविवार उजाडला. वामनरावांनी पहाटे ताजे लिंबू बांधिले. मंडळाची फौज जमली, फलक उभारिले, फर्मान असोनही गरजेपोटी बोलाविलेला कवडू फ्यूजांची पुडी घेवोन मागे, शोभाताई पुढील आसनावर, खासे वामनराव चाकावर. भोंगा गर्जू लागला की बंधूंनो, लिंबाने घर राखिले जात नाही, मिरचीने मोटार चालत नाही, मनुष्याने आपले भय आपण ओळखावे. आवाजात मोठा दम होता.  वळणे येत, तेथे स्वारी मात्र मोटार ऐसी हळू फिरवी की मागील लोक पुढे निघोन जात. ऐसे करीत सीताबर्डीत व्हरायटी चौक गाठिला. तेथे एक बस आडवी आली, वामनरावांनी चाक जोराने फिरविले, आणि भोंगा 'माझ्या घरचे उदाहरण पाहा, माझ्या पत्नीने' इतुके बोलिला आणि फट.

 भर चौकात लोक 'पत्नीने काय?' म्हणोन पाहू लागले. मनोहरराव पुढे सरसावले आणि सर्वांस ऐकू जाईल ऐसे बोलिले की आज आपण स्वतः आत शिरोन, डॅशबोर्डाखाली डोके घालोन, या रोगाचे मूळ काढितो. आणि दाराच्या मुठीस हात घातला. वामनरावांचे तोंडचे पाणी पळाले. त्यांनी दार आतून घट्ट धरिले, आणि अध्यक्ष व चिटणीस ऐसे दोघे मोठे पुरुष एका दारास दोन्ही बाजूंनी ओढू लागले.

तेव्हा शोभाताई खाली वाकल्या. अंधारात हात घातला, लिंबू लागले, आणि त्याचे तारेचे शेपूट स्क्रूस चिकटलेले लागले. वरचे टोक लोखंडी पट्टीस आणि खालचे स्क्रूस, मधल्या मधे सारी वीज. वळणागणिक लिंबू झुले आणि फ्यूज मरे, इतुकेच ते काय प्रकरण. त्यांनी तार ओढोन काढिली, लिंबू पदराआड पिशवीत टाकिले, आणि नवऱ्याकडे न पाहता हळूच बोलिल्या,

"तुमच्या भाषणाले तुमचंच लिंबू आडवं येऊन राहिलं होतं. सोडा ते दार आता."

वामनरावांनी दार सोडिले. मनोहरराव आत कोसळले, डोके डॅशबोर्डाखाली घातले, आणि तेथे काही नव्हते. कवडूने फ्यूज लाविला. भोंगा जेथे थांबला होता तेथून पुढे बोलू लागला की पत्नीने पाळण्यास लिंबू बांधिले होते आणि मी ते नालीत फेकिले. लोक हसले. शोभाताईही यावेळी हसल्या, आणि ते पाहोन वामनरावांस घाम फुटला. पुढे एकही फ्यूज पडला नाही.

सायंकाळी प्रताप नगरात सभा भरली आणि वामनराव बहुमताने पुनः अध्यक्ष जाहले. उन्हाने सर्वांचे घसे सुकले होते, तेव्हा शोभाताईंनी सरबत आणिले. इतरांस घागरीतले दिले. अध्यक्षांचा ग्लास वेगळा होता, आणि तो त्यांनी आपल्या हाताने सर्वांसमक्ष पुढे केला. ग्लासाचे तळाशी एक बी होती आणि तीस तारेचा काळसर डाग होता. दृष्ट शोषिलेले लिंबू पोटात घेऊ नये, घेणारास ती सर्व बाधा लागते, ऐसे जुने लोक मानितात, आणि वामनराव ते मानीत नव्हते. तीनशे भाषणांत नव्हते. ग्लास हाती घेवोन ते तटस्थ उभे राहिले. मनोहररावांनी पुसिले की काय जाहले, सरबतात काही पडिले काय.

"काही नाही पडलं," शोभाताई बोलिल्या. "लिंबूच तर आहे. घ्या ना, काहून थांबून राहिले?"

अध्यक्षांनी डोळे मिटले आणि ग्लास रिता केला. सभेने टाळ्या दिल्या. कशास दिल्या ते सभेस ठाऊक नव्हते.

येणेप्रमाणे प्रताप नगरची मोहीम फत्ते जाहली, ॲम्प्लिफायर कायम, अध्यक्षपद कायम. वामनरावांस काही बाधा जाहली नाही. रात्रभर मात्र नाडी धरोन बसले होते. त्यापुढील भाषणांत घरचे उदाहरण पुनः आले नाही. फत्ते कोणाची लिहावी यास पुरावा एक, तो रिता ग्लास. तो शोभाताईंनी घासला आणि इतर भांड्यांत पालथा घातला.