वाकड्या टाक्यांची झोळी

मेरिट हॉगनची शिध्याची झोळी पहिल्यांदा शिवून झाली, तेव्हा ती सरळ झाली होती. त्याने भिंग लावून टाके मोजले. इंचाला आठ, एकही तिरका नाही. कपाळाला हात लावून त्याने सगळी झोळी उसवायला घेतली.

"अरे, छान तर झाली होती," बहीण लॉर्ना दारातून म्हणाली.

"म्हणूनच उसवतोय."

मेरिटचं ओहायोत औषधांचं दुकान होतं. दर जुलैत तो जुन्या सैनिकाचा निळा कोट चढवून अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या लुटुपुटीच्या लढाईत उभा राही. मैदानाच्या फाटकाशी ॲडलेड क्रेस या बाई प्रत्येकाचं सामान त्या काळासारखं हाताने शिवलेलं आहे का, ते तपासत. यंत्राची शिलाई दिसली तर परत पाठवत. हाताचं काम कच्चं दिसलं, की त्या माणसाला आपल्या तंबूतल्या बाकावर शेजारी बसवत आणि हात धरून शिवून घेत. दोन-दोन तास. मेरिटचं सामान उत्तम कारागिराकडचं. त्याला अर्ध्या मिनिटात, "ठीक, मिस्टर हॉगन, पुढे व्हा." अकरा वर्षांत दोघांचं बोलणं एकूण साडेपाच मिनिटं झालं होतं.

यंदा त्याला नापास व्हायचं होतं.

"त्यांना सरळ कॉफीला बोलाव ना," लॉर्ना म्हणाली.

"मागे रांगेत चाळीस माणसं असतात."

"रांग नसेल तेव्हा बोलाव."

"तेव्हा त्या अडीचशे मैलांवर असतात."

लॉर्नाने सुई त्याच्या हातात ठेवली.

पण तीस वर्षं गोळ्या मोजलेला उजवा हात चुकेना. मग मेरिटने झोळी मांडीवर घेऊन डाव्या हाताने शिवली. टाके छान वेडेवाकडे आले. खुशीत तो उठला, तर झोळीबरोबर पँटही वर आली. शिवण मांडीपर्यंत गेली होती.

"मागणी घालणं याहून सोपं असतं रे," कात्री देत लॉर्ना म्हणाली.

पँटचा कापलेला तुकडा झोळीच्या पाठीवर तसाच राहिला. मेरिटला तो फार आवडला. एवढं गचाळ काम कोण पास करणार?

फाटकाशी ॲडलेडबाईंनी झोळी हातात घेतली. उलटी केली. भिंग काढलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. मेरिटने हळूच बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा होता.

"हे तुम्ही शिवलंत?"

"हो. फार वाईट झालंय."

"वाईट?" त्यांनी भिंग खाली ठेवलं. "बावीस वर्षं मी सांगतेय, छावणीत मांडीवर घेऊन शिवलेली झोळी अशीच असणार. ऐकतंय कोण? सगळे शिंप्यासारखे शिवून आणतात!"

"पण तो पँटचा तुकडा..."

"तोच तर!"

"एखादा टाका तरी चुकला असेल, बाई," मेरिट काकुळतीला आला.

"एकही नाही. पुढे व्हा."

त्यांनी झोळी सगळ्यांना दिसेल अशी खांबाला टांगली. अर्ध्या तासात सात जण आले. "हॉगन, आम्हालाही असं वाकडं शिकव." मेरिट शेवटी त्याच बाकावर बसला, पण शेजारी दाढीवाला तोफखान्याचा सार्जंट होता. चाळीस पावलांवर ॲडलेडबाई दुसऱ्या कुणाला "ठीक, पुढे व्हा" म्हणत होत्या. त्यांच्या टोपीची फीत वाऱ्यावर हलत होती. मेरिट तिच्याकडे बघत सार्जंटच्या बोटात सुई टोचत होता.

बिगुल वाजला. सातही जण पळाले. मेरिट उठणार, तोच ॲडलेडबाई कापडाचा तुकडा घेऊन आत आल्या.

"मघापासून करून पाहतेय. माझा टाका वाकडा पडतच नाही." त्या जरा घुटमळल्या. "बसू का?"

मेरिट सरकला. बाईंनी डाव्या हातात सुई धरली आणि सहा टाके घातले. आखल्यासारखे सरळ.

"किती दिवसांत जमेल हो?"

मेरिटला तीन संध्याकाळी लागल्या होत्या. त्याने कापड उजेडात धरून नीट पाहिलं.

"हात फार तयार आहे तुमचा," तो म्हणाला. "एका उन्हाळ्यात नाही व्हायचं."

बाहेर हजेरी चालली होती. "हॉगन! हॉगन कुठाय?"

सार्जंटने तंबूत डोकावलं, आणि वळून खणखणीत आवाजात सांगितलं, "पडला, साहेब. पहिल्याच गोळीला."

ॲडलेडबाईंनी सहाही टाके उसवले आणि सुईत नवा दोरा ओवला.