दोन झ कमी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. भाई तोडणकर मालवणच्या मासळी बाजारात ज्याला त्याला ‘झ’ मागत फिरतात, त्याला कारण मी आहे.

‘गो बाये, झ आसलेली एखादी शिवी सांग मगे!’

परवा सुरमई कापता कापता पारूबाई थांबली. ‘भाईनू, तुमका झीट इली काय?’

‘झीट! बरी आसा!’ भाई खूश. ‘पण ही तिची नाय.’

ती म्हणजे काकी, भाईंची बायको. वारली त्याला दोन वर्षं झाली.

भाईंनी जन्मभर बंदरावरच्या कारखान्यात बर्फाच्या लाद्या फोडल्या. काकी गेल्यावर त्यांनी माझ्या कॉम्प्युटर क्लासात नाव घातलं. बॅच दहाची, भाई उगवणार साडेअकराला, शर्टाची बटणं खालीवर. ‘उठाकच जमाक नाय, मास्तर!’

सगळ्यांना देतो तोच पायथनचा धडा त्यांना दिला. फाईल उघडा, कुठलं अक्षर किती वेळा आलंय ते मोजा. पोरं एकदा करतात आणि विसरतात. भाईंच्या अंगात आलं! लग्नपत्रिका टाईप करून मोजल्या, किल्ल्याच्या होडीवरचे नियम मोजले, नळपट्टीची नोटीससुद्धा सोडली नाही. भर रस्त्यात ओरडायचे, ‘मास्तर, आकडो इलो!’ लोकांना वाटायचं, मटका लागला.

एकदा पेनड्राइव्ह नाचवत आले. काकीने संसारभर त्यांना ऐकवलेली बोलणी आठवून आठवून एका बोटाने टाईप केली होती. ‘बर्फ फोडून फोडून डोक्यात पण बर्फच भरलो हा तुमच्या!’ हे वाचताना इतके हसले, की शेजारच्या पोरीने पाणी आणून दिलं. मोजणी घरी आधीच झाली होती. आकड्यांची प्रिंट काकीच्या फोटोखाली चिकटवलेली.

मला फुशारकी सुचली. म्हटलं, ‘थांबा, मी आकडे मोठ्यापासून लहानापर्यंत लावून दाखवतो.’ फाईल उघडली, शेवटची ओळ वाचली, बंद केली आणि कोड लिहिला. फाईल नुसती वाचायची तर ‘r’ लिहितात, नव्याने लिहायची तर ‘w’. ‘w’ लिहिलंत तर आधीचं सगळं पुसलं जातं. हे मी दर बॅचला फळ्यावर लिहितो, खाली दोन रेघा मारतो. आणि मीच ‘w’ लिहिलं.

फाईल कोरी झाली. तिची दुसरी प्रत नव्हती.

‘पेनड्राइव्हात व्हायरस आहे, भाई,’ मी म्हणालो. किती पटकन म्हणालो!

भाईंनी पेनड्राइव्ह काढून शर्टाला पुसला. मग एकदम टाळी वाजवली. ‘जांवदे! आकडे आसत मां? परत आठवतंय, लिवतंय, मोजतंय. आकडे जुळले काय ती पुरी परत इली!’

तेव्हापासून क्लासात जत्रा आहे. एखादं बोलणं आठवलं की भाई दारातूनच आरोळी ठोकतात. पोरं आपले धडे सोडून त्यांच्याभोवती जमतात. ‘भ जुळलो! ळ जुळलो!’ आता जवळजवळ सगळं जुळलंय. एखादंच वाक्य बाहेर राहिलंय, आणि त्यात कुठली अक्षरं आहेत ते आकड्यांवरून कळतं; त्यातली सगळ्यात विरळ म्हणजे दोन झ.

काल भाई बाराला आले, दाढी अर्धीच केलेली. माझ्या टेबलाशी वाकून हळूच म्हणाले, ‘मास्तर, तुमी शिकलेले. दोन झ आसलेला काय बोलली आसात ती?’

‘बघतो,’ मी म्हणालो.

मला बघायचं काही नाही. मी वाचलेली शेवटची ओळ तीच होती: ‘माझ्या मागसून तुमका झोपेतसून उठवतला कोण?’

ही ओळ मी भाईंना देणं लागतो. आणि त्याआधी, फाईल मी पुसली, हे.