रुक्माबाईंच्या शेवटच्या पेपराचा सत्कार

पिरनवाडीत सासू-सुनांची भांडणं नळावरून होतात. रुक्माबाई आणि त्यांची सून सौम्या यांची चुरस मात्र बी.ए.वरून! दोघींनी मुक्त विद्यापीठात नाव घातलेलं, आणि दोघींचा आता फक्त कर्नाटकच्या इतिहासाचा पेपर राहिलेला. सौम्याला एकही राजा आठवायचा नाही, रुक्माबाईंना सगळी घराणी तोंडपाठ!

"घरातली पहिली पदवीधर मीच! सुनंच्या आधी बी.ए. झाले न्हाय तर नाव बदलीन!" असं त्यांनी खडेबाजारात भाजी घेता घेता अनोळखी बाईलासुद्धा सांगून टाकलं होतं.

पेपराच्या दिवशी सौम्या बसनं पुढं निघाली. "आत्या, येळेत या. अर्ध्या तासानंतर आत घेत न्हाईत."

"मला शिकवतीस व्हय गं!"

रुक्माबाई चप्पल घालताहेत तोवर दारात बचत गट हजर! पुढं बाळाबाई, गटाच्या अध्यक्षीण. हातात शाल, नारळ आणि झेंडूचा हा एवढा मोठा हार!

"अगं, निकाल तरी लागू दे की!"

"निकाल लागस्तवर फुलं थांबत्यात व्हय?"

नाही म्हणावं तर गटाचा अपमान. सत्कार झाला. वर बाळाबाईंनी बजावलं, "पेपर होईस्तवर हार उतरायचा न्हाय, अपशकुन हुतोय!"

रुक्माबाई तशाच नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसल्या. वाटेत लोक हात जोडत होते आणि या मान हलवून नमस्कार घेत होत्या. आनंद नुसता उतू चाललेला!

परीक्षेच्या कॉलेजात नेमकं त्याच दिवशी स्नेहसंमेलन! फाटकात पोरी गुलाबपाणी घेऊन पाहुण्यांची वाट बघत उभ्या. पाहुणे ऐनवेळी बदललेले, बाई का बुवा हेही कुणाला ठाऊक नव्हतं, पण आपल्याकडं गळ्यात हार आणि खांद्यावर शाल असली की माणूस थेट व्यासपीठावर! प्राचार्य धावत आले.

"बर्री, बर्री, या मॅडम! आधीचा कार्यक्रम उरकून आलात वाटतं?"

"व्हय, घरचाच हुता."

रुक्माबाईंना वाटलं, या वयात शिकतोय म्हणून कॉलेजनंच कौतुक मांडलंय! त्यांचा ऊर भरून आला. दुसरी शाल पडली, समई लागली. आणि पेपराची घंटा वाजली तशा त्या दचकल्या.

"सर, माझी परीक्षा हाय..."

"मॅडम, परीक्षा तर आमची आहे! दोनच शब्द बोला."

दोनच शब्द! माईक हातात आला आणि रुक्माबाईंना इतिहास आठवला. सगळा! कदंब सांगितले, टाळ्या. चालुक्य सांगितले, कडकडाट! टाळ्यांच्या नादात राष्ट्रकूट झाले, आणि त्या विजयनगरात कधी शिरल्या त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

तेवढ्यात साध्या सदऱ्यातले एक गृहस्थ धापा टाकत मांडवात आले. हातात प्रश्नपत्रिका!

"अहो प्राचार्य, प्रमुख पाहुणा मी! तुमच्या शिपायानं वयस्कर विद्यार्थी समजून मला परीक्षेला बसवलं! अर्धा तास बाहेर सोडेनात!"

"मग या कोण?"

दोन शाली आणि हार सावरत रुक्माबाई पळत सुटल्या, पण परीक्षेच्या वर्गाचं दार बंद झालेलं.

"अहो बाई, मला सगळं पाठ हाय!" त्यांनी पर्यवेक्षक बाईंना हात जोडले.

"वेळ गेली, आक्का. आता पुढच्या वर्षी."

रुक्माबाई पायरीवर बसून मुसमुसून रडल्या. वर्ष गेलं. पण सौम्याचाही इतिहास कच्चाच, ती कुठं पास होणार, एवढाच काय तो धीर!

पेपर सुटला. सौम्या उड्या मारतच आली आणि वाकून सासूच्या पाया पडली.

"आत्या, लई उपकार झाले! वर्गाच्या खिडकीलाच कर्णा बांधलेला! तुमी बोलत गेलात, मी लिवत गेले. चालुक्यांचं तेवढं ऱ्हायलं बघा, टाळ्यांत ऐकूच आलं न्हाय!"