अनसूयाकाकूंची शांता

अनसूयाकाकू मला पहिल्या दिवसापासून शांता म्हणायच्या. माझं नाव कमल आहे.

हे मी त्यांना लगेच सांगायला हवं होतं. पण मी पडले लाजरी. चौथीत असताना मास्तर माझ्याकडे बघून चुकून दुसरीचं नाव घ्यायचे, तरी मी 'हजर' म्हणून खाली बसायचे. मास्तरांची चूक काढायची कोणी? मग माझं नाव आलं की पुन्हा 'हजर' म्हणायची लाज वाटायची, मी वर्गात बसलेली असूनही गैरहजर पडायचे, आणि नाव चोरलं म्हणून ती दुसरी मधल्या सुट्टीत मला मारायची.

यांना पांढुर्ण्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये काम मिळालं तेव्हा आम्ही रामाकोन्याहून इथे आलो. एक खोली, मागे लहानसं अंगण, आणि अंगणाच्या शेवटी मातीची भिंत, माणसापेक्षा हातभर उंच. आमची गल्ली बौद्धांची. भिंतीपलीकडे कुणब्यांची गल्ली. दोन्ही गल्ल्यांच्या पाठी एकमेकींना लागून आणि तोंडं उलट दिशेला. या घरातून त्या घरात जायचं तर पिठाच्या चक्कीला वळसा घालून जावं लागे. पाच मिनिटांचा रस्ता. पण त्या गल्लीतल्या बायका आमच्या गल्लीत येत नसत आणि आमच्या तिकडे जात नसत. जायचं ते फक्त बोलणं, भिंतीवरून.

पहिल्या दुपारी मी अंगणात भांडी घासत होते. भिंतीतून आवाज आला, "आली का वं शांता? लय दिवस लावले बाप्पा!"

मी मागे पाहिलं. अंगणात दुसरं कोणी नव्हतं.

"बोलत काहून नाई? रागावली का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग ठीक आहे. त मी काय म्हनत होती..." आणि काकूंनी मधूनच बोलणं सुरू केलं, जणू मी मघाशी दूध उतू जातं म्हणून उठून आत गेले होते आणि आता परत आले होते. कोणाच्या तरी सुनेने लग्नात काळं पातळ नेसल्याची गोष्ट होती. मी अर्धा तास ऐकली. मधे दोनदा 'हाव' म्हटलं. त्यानंतर मी शांता नाही हे सांगणं फार अवघड होऊन बसलं.

काकूंना सगळ्या गोष्टींवर मत होतं, आणि कपड्यांवर तर दोन दोन. "टॉकीजमधी हिरवं नेसून जाऊ नको वं. अंधारात दिसत नाई, अन् नवरा दुसरीचा हात धरून बाहेर येते." "नायलॉन नेसून चुलीजवळ बसू नको." "माहेरी जातानी नवं नेसू नको, भावजया जळतात. जुनंही नेसू नको, भावजया खुश होतात."

"मग काय नेसू काकू?"

"एकदा धुतलेलं."

बाहेर जाण्याबद्दलही तसंच. सौंसरच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची सीट धरायची, का तर ती सगळ्यात आधी पोहोचते. गोटमारीच्या दिवशी, नदीच्या दोन काठांवरून आमचं गाव आणि सावरगाव एकमेकांना दगड मारतात तेव्हा, सावरगावकडच्या गच्चीवर बसायचं नाही. "आपल्या पोट्ट्याइचा नेम लय वाईट, दगड कुठंही जाते."

"मग आपल्या बाजूच्या गच्चीवर बसू?"

"तिथं त बिलकूल नाई. सावरगाववाल्याइचा नेम चांगला आहे."

आणि प्रत्येक बोलण्याच्या शेवटी एकच वाक्य. "कुठं जाशीन त मले पुसून जाय."

मला मजा वाटायला लागली होती. इतकं माझ्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं. काकूंचा चेहरा मी पाहिलेला नव्हता, त्यांनी माझा पाहिला नव्हता, आणि माझ्यासारखीला तेच सोयीचं होतं. भिंतीला काय लाजायचं? रोज ठरवायचे की उद्या नाव सांगू. उद्या आली की सांगण्यासारखं दुसरंच काही निघायचं.

एक दिवस काकू म्हणाल्या, "थे जांभळं अजून नाई नेसली वं?"

"कोणतं जांभळं?"

"अवं थेच, काठाले पोपट असलेलं."

माझ्या हातातलं घासायचं पातेलं तसंच राहिलं. मागच्या महिन्यात भावाने मला सौंसरहून जांभळं पातळ आणून दिलं होतं. काठावर पोपट होते. ते ट्रंकेत, सगळ्यात खाली, कागदात गुंडाळलेलं होतं. पांढुर्ण्यात ते यांच्याशिवाय कोणी पाहिलेलं नव्हतं, आणि यांनीही नीट पाहिलेलं नव्हतं.

"ठेवून ठेवून कापड विरते वं," भिंत म्हणाली.

त्या रात्री हे जेवायला बसले आणि माझ्याकडून शांताचं सगळं ऐकून चेष्टेने म्हणाले, "शांते, पाणी दे." मी उठले आणि पाणी दिलं. हे हसले. मग माझ्याकडे पाहून हसायचे थांबले. "कमल," ते म्हणाले, "उद्याच्या उद्या त्या बाईला तुझं नाव सांग."

दुसऱ्या दिवशी मी मनाशी पाठ करत करत बाजारातून आले. काकू, माझं नाव शांता नाही. काकू, माझं नाव शांता नाही. दारात पोचले, कुलपाला किल्ली लावली, आणि घरामागून काकूंचा आवाज आला.

"हो का? अन् मग तू काय म्हनलं?"

आवाज थांबला. एखादीने चार वाक्यं बोलावीत तेवढा वेळ थांबला. मग काकू खळखळून हसल्या.

"बरं केलं! अशीच जिरवाले पायजे तिची."

पुन्हा थांबल्या. पुन्हा "हाव ना" म्हणाल्या.

अंगणात जायला माझ्या घरातूनच वाट होती आणि घराला कुलूप होतं. कुलूप माझ्या हातात होतं. मी दार उघडलं, खोलीतून गेले आणि अंगणात डोकावले. सकाळी पालथी घातलेली भांडी तशीच पालथी होती. ऊन होतं. बाकी काही नव्हतं.

"काकू," मी कसंबसं म्हटलं, "कोणाशी बोलता?"

"हे काय पुसनं झालं?" काकू म्हणाल्या. "तुयाशीच त बोलून राहिली."

पाठ केलेलं वाक्य मी बोललेच नाही. मला वाटलं, मी शांता नाही असं आता सांगितलं, आणि 'मले माईत आहे, शांता त इथं बसली आहे' असं उत्तर आलं, तर?

मी नळावर घरमालकिणीला गाठलं. भागाबाई तिचं नाव, तिच्या पोटात काही राहत नसे, पण ही गोष्ट मात्र तिने आमच्यापासून राखून ठेवली होती. नाहीतर खोली घेतली कोणी असती?

"शांता तुमच्याच खोलीत राहत होती," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. दसऱ्याले आपल्या मोहल्ल्याचा ट्रक नागपूरले जाते ना, त्या सकाळी तिचं आंग कसकस करून राहिलं होतं. मी तिच्या आंगनातच उभी होती. तिनं भिंतीवरून पुसलं, काकू, जाऊ का नको? काकूनं सांगतलं, जाय वं, हवा लागली का मोकळं होते. पांढरं सुती नेस. गेली. रस्त्यातच ताप चढला. तिसऱ्या दिवशी नागपूरच्या दवाखान्यात तिचा जीव गेला. तिकडंच उरकलं सगळं. नवराही मग गाव सोडून गेला."

"काकूंना कोणी सांगितलं नाही?"

"सांगतलं ना! मीच सांगतलं. म्हनते कशी, लोकं काहीही सांगतात, मी कुठं पायलं?"

खरंच होतं ते. काकूंनी शांताला जाताना पाहिलं नव्हतं आणि गेलेलीही पाहिली नव्हती. भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला होता, एवढंच. दोन वर्षांनी भांडी घासल्याचा आवाज आला, तर ती आली.

"जांभळं पातळ होतं का हो तिच्याकडे?" मी विचारलं.

"होतं. पोपटाच्या काठाचं. सौंसरच्या दुकानदाराकडं दुसरा मालच नसते," भागाबाई म्हणाली आणि हंडा उचलून चालायला लागली. तिला त्यात काही वाटलं नाही. मला मात्र अंगणात एकटीने जायची भीती वाटायला लागली.

दसरा जवळ आला तसं काकूंचं बोलणं बदललं. कपड्यांवरची मतं बंद झाली. सुनांच्या गोष्टी बंद झाल्या. रोज एकच. "यंदा जाऊन राहिली का वं नागपूरले?" मी 'हाव' म्हटलं तरी समाधान नाही. थोड्या वेळाने पुन्हा, "जाऊन राहिली का?"

जायचं तर होतंच. लग्न झाल्यापासून मी दीक्षाभूमी पाहिली नव्हती. हे रजा काढून येणार होते. पांढरं पातळ धुऊन, नीळ देऊन, उशाखाली घडी घालून ठेवलं होतं. पण काकूंनी इतक्यांदा विचारलं की मला माझ्याच कपाळाला हात लावून बघायची सवय लागली. कपाळ थंड असायचं. तरी वाटायचं, ज्या नावाला मी तीन महिने 'ओ' देते आहे, त्या नावाचा ताप मला आला तर?

दसऱ्याच्या सकाळी मी पांढरं नेसून तयार झाले. ट्रक चौकात उभा होता, हे पुढे जागा धरायला गेले होते. मी अंगणात गेले. काकूंना विचारून जावं असं वाटलं. त्यांना बरं वाटेल म्हणून नाही, खरं सांगायचं तर मलाच न विचारता जायची हिंमत होईना.

"काकू, जाऊ का?"

काही उत्तर नाही.

"काकू?"

मी बराच वेळ उभी राहिले. बाहेरून हाका यायला लागल्या. मी घर बंद करायला वळले तेवढ्यात पुढचं दार वाजलं.

दारात एक बुटकी म्हातारी उभी होती. नऊवारी लुगडं, पायात चप्पल नाही, धापा टाकत होती. तिच्यामागे गल्लीतल्या बायका आपापल्या दारांत येऊन उभ्या राहिल्या होत्या. चक्कीला वळसा घालून त्या गल्लीतली बाई या गल्लीत आलेली आजवर कोणीच पाहिली नव्हती. ती उंबरठा ओलांडून आत आली, टाचा उचलल्या आणि उलटा हात माझ्या कपाळावर ठेवला. मग गळ्यावर. मग पुन्हा कपाळावर.

"ताप नाई," ती म्हणाली. आवाज भिंतीचाच होता.

मग तिने मान वर करून माझं तोंड पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"शांता काळी होती," काकू म्हणाल्या. "गालावर तीळ होता. एकदा चक्कीवर पायली होती मी तिले. तू कोन वं?"

"कमल."

"एवढे दिवस सांगतलं काहून नाई?"

"लाज वाटली."

"लाज वाटली म्हनून दुसरीचं नाव घेतलं? उद्या कोनी मेली म्हनलं त मरशीन का?"

दारातल्या बायका हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. काकूंनी माझा पदर ओढून नीट खोचला, पातळाचं सूत चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "ट्रकात मागं बसू नको, धूळ येते. जाय आता. पन परत येजो. नक्की येजो."

मी तिसऱ्या दिवशी सकाळी परत आले. अंगात कणभरही ताप नव्हता. पांढऱ्या पातळावर नागपूरची धूळ बसली होती म्हणून लगेच ते धुवायला अंगणात घेऊन गेले. ते पाण्यातून काढून पिळणार, तेवढ्यात पलीकडे काकू बोलत असलेल्या ऐकू आल्या. मी आल्याचं त्यांना कळलेलं नव्हतं.

"आंगाले हात लावून पायला वं तिच्या. थंड होतं. मगच जाऊ देली."

थांबल्या.

"तुया वक्ती भिंतीवरूनच सांगतलं. पाच मिनिटाचा रस्ता होता, शांता. मी आली नाई. लोकं काय म्हनतीन म्हनून नाई आली."

पुन्हा थांबल्या. या वेळी फारच वेळ. उत्तर माझ्या जिभेवर होतं. 'जाऊ द्या काकू.' एवढंच म्हणायचं होतं, आणि तीन महिने त्या नावाने मी काय काय बोलले नव्हते? पण हे उत्तर द्यायचा अधिकार मला नव्हता. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"हाव," काकू हळूच म्हणाल्या. "हाव वं माय." आणि नाक ओढलं.

माझ्या बाजूला कोणी काही बोललं नव्हतं. पातळ पिळलं असतं तर पाण्याचा आवाज झाला असता. दोघींचं बोलणं होईपर्यंत मी ते ओलं पातळ तसंच हातांवर धरून उभी राहिले.