नीरा नावाची सनई

बॅटरी काढून झाल्यावर प्राप्तीला प्रश्न पडला, की जो डबा भिंतीतल्या विजेवर चालतो त्याला मुळात बॅटरी हवीच कशाला? प्रश्न बरोबर होता. क्रम चुकला होता.

डबा म्हणजे हिरामणमामाचं तीस वर्षांपूर्वीचं साउंड मॉड्युल. कीबोर्डची वायर त्यात लावली की सनईपासून ढोलापर्यंत सगळे आवाज निघत. लग्न झालं त्या वर्षी मामाने तीन महिने खपून त्यात स्वतःची सनई बनवली आणि तिला बायकोचं नाव दिलं: नीरा. पेणपासून मांडव्यापर्यंत त्या सनईशिवाय हळद लागत नसे. प्राप्ती कॉम्प्युटरवर गाणी बनवायची, आणि हल्ली सगळ्यांना असल्या जुन्या डब्यांचेच आवाज हवे होते. म्हणून मामाची महिनाभर मनधरणी करून आज त्याच्या घरी तिने सनईचा एकेक सूर रेकॉर्ड केला. तोही मामाच्या फाटक्या स्पीकरसमोर माइक ठेवून, कारण निम्मी गोडी त्या स्पीकरची होती. पंखा बंद, नीरामामी स्वयंपाकघरात चूप. कॉम्प्युटर आपोआप सूर वाजवत राहिला, आणि आपला श्वासही आत नको म्हणून प्राप्ती अंगणापलीकडे जाऊन बसली.

सगळं उरकलं तेव्हा डब्याच्या पडद्यावर बॅटरी संपत आल्याची सूचना दिसली. तिने मामीच्या वजनकाट्यातली बटणाएवढी बॅटरी काढून डब्यात घातली. पडदा उजळला. 'नीरा' होती तिथे आता नुसत्या रेघा होत्या. मामाची सनई त्या जुन्या बॅटरीच्या जिवावर जगत होती.

"झालं काय गो?" मामी दारात आली. "तोंड पांढरंफटक पडलंय."

"काही नाही मामी."

"मंग पानी पी. न माझा काटा का चालत न्हाय तो बघ."

सात वाजता हळद होती. पाचला मामा डबा न्यायला आला तेव्हा प्राप्ती म्हणाली, "मी येते. वायरी मी लावते." मामा खूश झाला. त्यामुळे तिला जास्तच भीती वाटली.

मांडवात तिने टेबलाखाली, चादरीआड लॅपटॉप ठेवला आणि कीबोर्डची वायर डब्याऐवजी त्याला लावली. रेकॉर्ड केलेले सूर ऐकून बघायला वेळच नव्हता. डबा नुसता दिवा लावून बसला. मामाने बोटं ठेवली आणि सनई निघाली, हुबेहूब नीरा. दुपारपासून प्राप्तीने पहिल्यांदा पुरता श्वास घेतला. मग मामा वरच्या 'सा'वर गेला आणि तो लांब धरला.

"मेल्या, ठेव तो बोंबील खाली!"

चार स्पीकरमधून, सनईसकट, मामीचा आवाज. नवरदेवाच्या काकाने हातातली हळदीची वाटी खाली ठेवली. मामा दचकला, पण हळदीत वाजवणारा थांबत नसतो. पुढची ओळ जलद होती. "मेल्या, मेल्या, मेल्या!" सनई म्हणाली. सूर लांब धरला की पूर्ण वाक्य, आखूड दाबला की नुसतं मेल्या. ती अंगणापलीकडे असताना, नेमक्या याच सुराच्या वेळी, मामी बोंबील पळवणाऱ्या मांजरावर ओरडली असणार. कारण प्राप्तीला समजत होतं, उपाय नव्हता. गाण्यात आणखी अकरा वरचे 'सा' होते. ती मोजत राहिली. पोरं मात्र बेभान नाचत होती.

गाणं संपलं. मामाने चादर उचलली. "लॅपटॉप?"

प्राप्तीने रडत सगळं सांगितलं. मामाने आधी मागेपुढे पाहिलं.

"रडू नको. ती नीरा दोन हजार पाचच्या पुरात गेली. डब्यात पानी शिरलं. तवापासून कंपनीचीच सनई वाजवतो, एकशे बारा नंबरची. तिलाच नाव दिलं. तू एकशे बारा दाबला असतास तर तिथंच व्हती. फकस्त तुझ्या मामीला सांगू नको, बाय."

"काय सांगू नको?" लाडवांचं ताट घेऊन मामी मागे येऊन उभी होती. "तीन महिने उशाशी ऐकली व्हती मी ती सनई. दुसरी वाजली तवा पहिल्याच हळदीला कळलं मना."

"मंग वीस वरसं बोलली न्हाईस?"

"तुमी सांगाल म्हनून वाट बघत व्हते." मामी प्राप्तीकडे वळली. "आजची ठेव गो. नाव माझं, आवाज पन माझाच."

"मामा, ती बोंबलाची सनई पुन्हा!" मांडवातून ओरडा झाला.

मामा कीबोर्डशी बसला. मामी समोर खुर्ची ओढून बसली. मामाने घामेजलेले हात पुसले आणि पहिलाच 'सा' चांगला लांब धरला. आखूड दाबून मामीला मधेच तोडायची त्याची छाती झाली नाही.